नानांनी न जाळलेला रेडिओ

आमच्या घरात कुणी काही मोडलं, बिघडवलं की एक वाक्य ठरलेलं आहे : "नानासारखं करू नको." नाना म्हणजे माझे धाकटे काका. १५ डिसेंबर १९७१ च्या रात्री त्यांनी आप्पांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा अमेरिकन रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट २३० व्होल्टला लावला आणि जाळला, हे घरातलं शेंबडं पोरही सांगतं. तारीख इतकी पक्की असायचं कारण आहे. दुसऱ्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. एरवी आमच्या ओसरीवर बातम्यांना गल्ली जमायची, आणि नेमकी ती बातमी ऐकायला आप्पांना शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन उभं राहावं लागलं. आदली रात्र बुधवारची होती. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला असायची. नाना तेव्हा अकरावीत होते. पुढचं काय ते घरच्यांनी जोडून घेतलं.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्यामुळे "तो रेडिओ एकदा बघ ना" हे मी वीस वर्षं ऐकत होतो आणि वीस वर्षं टाळत होतो. मागच्या दिवाळीच्या आधी अमळनेरच्या जुन्या घराचं धाबं उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं, माळा रिकामा करावा लागला, आणि गोधडीत बांधलेला तो डबा माझ्या पुढ्यात आला.

डबा कसला, लहान सुटकेसच. शिकागोच्या झेनिथ कंपनीचा ट्रान्स-ओशनिक, मॉडेल एच ५००. वर काळं रेक्झिन, पितळी पट्ट्या, उचलायला मूठ. पुढचं झाकण वर उघडलं की आत डायल, लहरपट्ट्यांची सात बटणं आणि आवाजाची जात बदलायच्या चार सरकत्या कळा. मिडियम वेव्ह, २ ते ४ मेगाहर्ट्झ, ४ ते ८ मेगाहर्ट्झ, आणि मग ३१, २५, १९, १६ मीटरच्या चार पट्ट्या पसरवून दिलेल्या, म्हणजे काटा केसभर हलला तर स्टेशन पळून जात नाही. या जातीचा पहिला रेडिओ १९४२ चा. झेनिथचे सर्वेसर्वा कमांडर यूजीन मॅकडोनाल्ड यांना स्वतःच्या बोटीवर नेता येईल असा शॉर्टवेव्ह सेट हवा होता, म्हणून तो जन्माला आला. आमचा एच ५०० पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. मिडियम वेव्हचा अँटेना वेगळा काढून रबरी चुषकांनी खिडकीच्या काचेला चिकटवता येतो. लोखंडी डब्यात रेडिओ लागत नाही, म्हणून आगगाडी आणि विमानातल्या प्रवाशांसाठी केलेली ती सोय. आप्पा रेल्वेत गार्ड होते, त्यांना या सोयीचं कोण कौतुक! भुसावळचं एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचं कुटुंब १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा घरातलं सामान विकलं गेलं. त्यात आप्पांनी हा घेतला. कितीला, ते त्यांनी आजीलाही कधी सांगितलं नाही.

हा सेट बॅटरीवरही चालतो आणि अमेरिकेतल्या ११७ व्होल्टच्या विजेवरही. आपल्याकडे २३०. म्हणून आप्पांनी भुसावळला एक ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला होता, पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात बसवलेला. तोही गोधडीतच होता. आणि माझं पहिलं लक्ष रेडिओकडे नाही, या डब्याकडे गेलं.

रेडिओची वायर ट्रान्सफॉर्मरला पिनेनं लावलेली नव्हतीच. पिन कापून टाकली होती. दोन्ही वायरींची टोकं एकमेकांत पिळून, झाळून, त्यावर काळी कापडी टेप गुंडाळलेली, टेपवर मेणदोऱ्याचे वळसे, आणि वळशांवर चपडी. रेल्वेतल्या माणसाचं काम! पन्नास वर्षांत टेप लाकडासारखी कडक झाली होती. दोरा कुठेही तुटलेला नाही, चपडीला चीर नाही. मी भिंग घेऊन अर्धा तास तो सांधा बघत बसलो. हा रेडिओ थेट २३० ला लावायचा असेल तर आधी हा सांधा कापावा लागला असता, मग दुसरी पिन बसवावी लागली असती, आणि रेडिओ जळाल्यावर सगळं पुन्हा जसंच्या तसं बांधून वर चपडी ओतावी लागली असती. अकरावीतल्या पोरानं, रात्री नऊच्या आत.

ट्रान्सफॉर्मर एकट्यानं तपासला. आत २३४ व्होल्ट दिले, बाहेर ११४ आले. ठणठणीत.

म्हणजे नानांनी जाळला नाही? मी लगेच कुणाला फोन केला नाही. एका सांध्यावरून पन्नास वर्षांचा निकाल फिरवायचा नसतो. सेट उघडला.

आत आधी माती. धाब्याच्या घरात वर्षभर बारीक माती झडते, ती चासीवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, बोटभर साचलेली. गँगच्या, म्हणजे स्टेशन बदलायच्या कंडेन्सरच्या, पात्यांमध्ये कुंभारमाशीचं घर. पालीची दोन रिकामी अंडी. मऊ कुंचला आणि सायकलचा पंप यांनी दोन संध्याकाळी घेतल्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बटणांच्या मागचे संपर्क साफ केले, कानकोरणीच्या कापसानं, एकेक. या कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मान दुखते.

या सेटमध्ये पाच व्हॉल्व्ह आहेत. दोन १यू४, एक १एल६, एक १यू५ आणि आवाजाला ३व्ही४. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्या. मोठ्या घरगुती व्हॉल्व्ह रेडिओत आत नारिंगी उजेड दिसतो तसा यात दिसत नाही, कारण हे बॅटरीसाठी केलेले व्हॉल्व्ह. फिलामेंट केसाहून बारीक, १.४ व्होल्टचं, ३व्ही४ चं तेवढं दुप्पट, आणि त्यातून जायचा प्रवाह फक्त ५० मिलिअँपिअर. पाचही फिलामेंट एका माळेत ओवलेली, दिवाळीच्या जुन्या तोरणासारखी. एक तुटलं की सगळी माळ बंद. नाजूकपणा इतका की काट्याचा जुना मीटर ओहमच्या खालच्या पट्टीवर लावून तपासायला गेलं तर मीटरच्याच सेलमधून जाणारा करंट फिलामेंट उडवू शकतो. हे मला माहीत होतं. मी डिजिटल मीटर घेतला, पाचही व्हॉल्व्ह बाहेर काढले आणि तपासले. पाचही जिवंत!

इथे मी खुर्चीत मागे टेकून बसलो. माळेवर दुप्पट व्होल्टेज आलं असतं तर प्रवाह दुप्पट झाला असता, आणि ५० मिलिअँपिअरचं फिलामेंट १०० वर टिकत नाही. पाचातलं एक तरी गेलंच असतं. व्हॉल्व्हनी साक्ष दिली होती.

मग गेलं काय होतं? ते शोधायला फार लागलं नाही. वीज आत आली की एसीचं डीसी करायला यात सेलेनियमचा रेक्टिफायर आहे, पत्र्याच्या चौकोनी चकत्या एकावर एक रचलेल्या. त्यातल्या दोन चकत्या भाजून कोळसा. त्याच्या पुढचा मोठा फिल्टर कपॅसिटर मीटरवर सरळ शॉर्ट. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळतो, गळायला लागतो, आणि एक दिवस शॉर्ट होतो. त्याला कुणी हात लावावा लागत नाही. वय आणि उष्णता पुरते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जायला काही विशेष घडावं लागत नाही. कागदी कपॅसिटरांवरचं मेणही वितळून चासीवर ओघळलं होतं. तर कपॅसिटर शॉर्ट झाला, सगळा भार रेक्टिफायरवर आला, तो भाजला, आणि पुढच्या फिलामेंटांपर्यंत वीज पोहोचलीच नाही म्हणून ती वाचली. गीतमालेच्या ऐवजी बातम्या चालू असत्या तरी हेच झालं असतं.

बाबांना सांगितलं. बाबा म्हणजे नानांचे मोठे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, आणि खटल्यातले मुख्य फिर्यादी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग वास कशाना उना?"

वासाची गोष्ट घरात प्रसिद्ध आहे. त्या रात्री घरभर असा घाण वास सुटला होता की आजीनं उंदीर मेला म्हणून कणगीमागे शोधाशोध केली. एवढा वास म्हणजे काहीतरी भयंकरच केलं असणार पोरानं, असा तर्क. मी बाबांना सांगितलं, तो वास म्हणजेच पुरावा. सेलेनियम जळताना सडक्या मुळ्यासारखा, सडक्या लसणासारखा वास येतो, तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही, आणि तो विषारीही असतो. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि पेपर उघडला.

दुरुस्तीला लागलो. कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदलायचे, यावर माझ्या मते चर्चाच नको. मीटरवर ठीक दिसला म्हणून जुना कागदी कपॅसिटर ठेवला तर नव्वद व्होल्ट मिळाल्यावर तो आपले रंग दाखवतो. विशेषतः १यू५ कडून ३व्ही४ च्या ग्रिडला जाणारा. तो गळला की ३व्ही४ फुकट मरतो. अभ्रकाचे आणि चिनी मातीचे कपॅसिटर मात्र राहू दिले. आणि आयएफच्या डब्यांचे, म्हणजे एकाच ठरावीक लहरीला जुळवून ठेवलेल्या कॉइलांचे, स्क्रू, निदान सुरुवातीला तरी, अजिबात हलवायचे नाहीत. बंद रेडिओ दिसला की पेचकस घेऊन आधी आयएफ फिरवणारे लोक मी पाहिलेत, माझ्याच वर्गात दरवर्षी दोन निघतात.

सामानासाठी जळगावला गोलाणी मार्केटात गेलो. ६३० व्होल्टचे पॉलिस्टर कपॅसिटर मागितले तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काय भो, विहिरीच्या मोटरीला लावता का?" मोबाइलच्या डिस्प्लेंमधून त्याने काही रेझिस्टर आणि १६० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक शोधून दिले, बाकीचे मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवले. सेलेनियमच्या जागी १एन४००७ डायोड. इथे एक मेख आहे. सिलिकॉनचा डायोड सेलेनियमपेक्षा फार कमी व्होल्टेज खातो, म्हणून नुसता बसवला तर पुढे व्होल्टेज वाढतं आणि फिलामेंटांवर ताण येतो. डायोडबरोबर पाच वॅटचा रेझिस्टर जोडला आणि त्याची किंमत चार वेळा बदलत, प्रत्येक व्हॉल्व्हच्या फिलामेंटवर १.३ व्होल्ट, ३व्ही४ वर त्याच्या दुप्पट, मिळतील असं बसवलं. अमळनेरला रात्री अकरानंतर लाइन कधी कधी २५० ला जाते, तो हिशेबही धरला.

मेलेला रेक्टिफायर फेकला नाही. वायरी सोडवून तिथेच ठेवला, वरून बघणाऱ्याला सेट जुनाच दिसतो. मुद्देमाल आहे तो, असंही मनात होतंच.

पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज बल्बमधून, ४० वॅटचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. शिवाय हा सेट लाइनशी थेट जोडलेला, चासीला हात लागला तर झटका बसू शकतो, म्हणून मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. बल्ब क्षणभर लाल झाला आणि मंदावला. लगेच, हो लगेचच, कारण या व्हॉल्व्हना तापायला वेळ लागत नाही, स्पीकरमधून भरून आल्यासारखी खरखर आली. मिडियम वेव्हवर काटा फिरवला. लहानपणी ९६३ वर आकाशवाणी जळगाव लागायचं, हात आपोआप तिकडे गेला. त्या वेळी तिथे काही नव्हतं. पण जरा पुढे कुठली तरी बाई हिंदीत बातम्या देत होती. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "टीव्ही कुणी लावला?"

त्याच रात्री मी शहाणपणा केला.

रेडिओ चालू होता, अधूनमधून कटकट आवाज करून आवाज जायचा. पुढच्या १यू४ ला बोट लावलं की परत यायचा. सॉकेटमध्ये मळ, दुसरं काय. साडेअकरा झाले होते, झोप आली होती, पण सोडवेना. मी सेट बंद न करता तो १यू४ उपटला, त्याच्या पायांवर कागदानं दोन हात मारले आणि परत सॉकेटमध्ये दाबला. चासीच्या दुसऱ्या टोकाला, १एल६ च्या काचेत निळसर पांढरी चमक दिसली. काजवा चमकावा एवढीच. मग काही नाही. खरखर नाही, काही नाही.

जे झालं ते मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. माळेतला एक व्हॉल्व्ह काढला की माळ तुटते, प्रवाह थांबतो. प्रवाह नाही म्हणजे वरच्या रेझिस्टरमध्ये व्होल्टेज पडत नाही, आणि माळेच्या डोक्यावरचा कपॅसिटर, जो एरवी आठ-साडेआठ व्होल्टवर असतो, तो शंभराच्या वर भरत जातो. व्हॉल्व्ह परत दाबला की तो सगळा साठा एका झटक्यात पाच केसांमधून धावतो. सगळ्यात अशक्त केस तुटतो. आमचा तुटला तो १एल६ चा, म्हणजे पाचातला असा एक, जो सहज मिळत नाही. १यू४ कुणाच्याही खोक्यात सापडतो. १एल६ मुख्यतः याच जातीच्या रेडिओंत वापरला गेला, आणि जगभरचे ट्रान्स-ओशनिकवाले आज त्याच्याच मागे आहेत.

नानांनी जे केलं नाही, ते मी केलं. तेही पंखा, उजेड, मीटर आणि वीस वर्षांचा पगार हाताशी असताना.

घरात कुणाला सांगितलं नाही. रेडिओवर गोधडी टाकली आणि "पार्ट यायचा आहे" म्हणालो, ते खोटं नव्हतं.

१एल६ ची किंमत बघितली तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले होते. डॉलरचा हिशेब त्यांनी मनातच केला असावा. "इतला पैसामा तं नवा टीव्ही ई जाता," एवढंच बोलले. टीव्ही येत नाही, पण पोस्टेज आणि कस्टम धरून आमचा महिन्याचा किराणा नक्की झाला असता. तेव्हा दुसरा रस्ता. आपल्याकडे वीज नसलेल्या गावांत बॅटरीवरचे व्हॉल्व्ह सेट पुष्कळ होते, त्यांत डीके९१ असायचा, म्हणजेच अमेरिकन नावाने १आर५. फिलामेंट तेच, १.४ व्होल्ट, ५० मिलिअँपिअर. धुळ्याच्या एका जुन्या मेकॅनिककडे तो निघाला. त्यांचं दुकान बंद होऊन पंधरा वर्षं झालीत, पण व्हॉल्व्हचं खोकं पलंगाखाली. पैसे घेतले नाहीत, शेवभाजी खाऊ घालून पाठवलं, वर म्हणाले, "चालेल, पण वरच्या बँडला रडेल."

अगदी तसंच झालं. १आर५ मिडियम वेव्हवर छान, २ ते ४ वर ठीक, ४ ते ८ वर कुरकुर, आणि ३१ मीटरपासून वर चिडीचूप. कारण या व्हॉल्व्हचं काम दुहेरी. बाहेरून आलेल्या लहरी घ्यायच्या आणि त्याच वेळी स्वतः एक लहर तयार करायची, दोन्हींच्या मिश्रणातून ४५५ किलोहर्ट्झ बाहेर काढायचे. वरच्या लहरींवर १आर५ ला स्वतःची लहर टिकवता येत नाही. मेकॅनिककाकांचं "रडेल" हे माझ्या तीन परिच्छेदांपेक्षा नेमकं आहे.

शेवटी तोडगा निघाला १एलए६ चा. आत तोच जीव, बाहेरचा देह वेगळा : मोठी काच, आठ पायांचा लॉक्टल बूड. त्याला फारसं कुणी विचारत नाही म्हणून स्वस्त. पाच आठवड्यांनी दोन आले. मग सात पायांचा एक अडॅप्टर केला. १एल६ चं तुटलेलं मढं हाताशी होतंच, पण त्याला बूड नसतं, पाय थेट काचेतून निघतात. म्हणून फायबरची चकती कापली, तिच्यात सात तांब्याच्या तारा बसवल्या, वर लॉक्टल सॉकेट. तारा जितक्या आखूड तितकं बरं, नाहीतर वरच्या पट्ट्या सरकतात. पहिला अडॅप्टर वाकडा झाला, दुसरा बसला. या वेळी पिन भिंतीतून काढून, कपॅसिटर रिकामा करून, वर मीटर लावून शून्य बघितलं आणि मगच व्हॉल्व्ह दाबला. देवाला नारळ फोडताना पण मी एवढा सोवळ्यात नसतो.

३१ मीटरचं बटण दाबलं, आणि सेट बोलला. चिनी, अरबी, मध्येच मोर्सची टकटक. ट्रिमर, म्हणजे डायल जुळवायचे छोटे स्क्रू, थोडे जुळवून घेतले. ४ ते ८ च्या पट्टीवर काटा ५ वर बरोबर येतो का, हे बघायला सिग्नल जनरेटरही नको. रात्री पाच मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळेचं स्टेशन लागतं. नुसते सेकंदाचे ठोके, टक टक टक, आणि एकोणतिसाव्या व एकोणसाठाव्या मिनिटाला मोर्स आणि एका बाईचा आवाज. काटा चार केस डावीकडे होता, तो आणला.

पण घरात ऐकण्याचं सुख नाही. एलईडीचे दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, समोरच्यांचा सीसीटीव्ही : शॉर्टवेव्हवर या सगळ्यांचा मिळून असा भुंगा येतो की त्यातून स्टेशन चाळणीनं गाळावं लागतं. आप्पांच्या काळी गल्लीत या रेडिओला फक्त पिठाच्या गिरणीची मोटर छळायची. तेव्हा बॅटरी. मूळची ९ आणि ९० व्होल्टची जोडबॅटरी कधीच बंद झाली, पण ९ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकामागे एक लावल्या की ९० होतात, आणि टॉर्चच्या सहा मोठ्या सेलांचे ९. बॅटऱ्यांच्या टोप्या एकमेकींत अडकत जातात, सोल्डरही लागत नाही. ९० व्होल्ट चिमटा घेतात मात्र, बोटं सांभाळायची.

नानांना फोन केला. ते चाळीसगावला असतात. पुराव्याचं सगळं सांगितलं : सांधा, व्हॉल्व्ह, कपॅसिटर, वास. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "तो सांधा आप्पांनी बांधला होता ना? मीच दोरा धरला होता."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"अरे, त्यांना माहीत नव्हतं का? त्यांच्या हातचा सांधा. त्यांचा राग रेडिओचा नव्हता. घरातला मोठा मुलगा सैन्यात भरतीला जायचं म्हणत होता, रोज माणसं मरत होती, आणि मी गाण्यांचे नंबर वहीत लिहीत होतो. त्यांना ते बघवत नव्हतं. मग मीही म्हटलं, जाऊ दे, जाळला तर जाळला."

बाबा सैन्यात भरतीला निघाले होते, हे मला माहीतच नव्हतं.

मग मी त्यांना १एल६ ची गोष्ट सांगितली. घरात कुणालाही न सांगितलेली. नाना इतके हसले की काकूंनी फोन हातातून घेतला.

पुढच्या शनिवारी ते आले. संध्याकाळी रेडिओ मोटरसायकलवर मांडीत धरून आम्ही बोरीकाठच्या शेतावर गेलो. बाबा आले नाहीत, थंडी बाधते म्हणाले. बांधावर पोतं टाकलं, झाकण उघडलं, आतली दांडी पूर्ण वर काढली. कपाशी वेचून झाली होती, जवळपास एकही दिवा नव्हता. खटका दाबल्यावर आधी वाटलं बॅटऱ्या लागल्याच नाहीत, इतकी शांतता! घरचा भुंगा नसला की हा सेट मुका वाटतो. काटा हलवला तेव्हा कळलं, शांततेत ठिकठिकाणी माणसं बोलत बसली आहेत.

नानांनी २५ मीटरचं बटण स्वतः दाबलं. काटा न बघता एका जागी आणला, बोटांना जागा आठवत होती. सिलोन तिथे नव्हतंच, कुणी तरी भलत्याच भाषेत प्रवचनाच्या सुरात बोलत होतं. त्यांनी ते पाच मिनिटं ऐकलं, जणू भाषा कळत होती. मग म्हणाले, "ते चिनी घड्याळ लाव." ४ ते ८ चं बटण, पाचवर काटा. टक टक टक. नानांनी मनगटावरचं एचएमटी सोडलं, मोबाइलच्या उजेडात धरलं आणि कान देऊन, चावी ओढून, नेमक्या ठोक्याला दाबली. पावणेदोन मिनिटं मागे होतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर टाकला. बाबा.

"लागना का रे?"

नानांनी फोन रेडिओच्या जाळीपाशी नेला, जरा वेळ तसाच धरला.

"लागना."